चौथ्या नंबरचं टोपण

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. माल भरायच्या रांगेत उभी आहे, पुढे अजून सहा टँकर आहेत, तेवढ्यात लिहून घेते. वही स्टिअरिंगवर टेकवली आहे म्हणून अक्षर असं वाकडं. तू म्हणशील, टेबलावर लिहितेस तेव्हा तरी कुठे सरळ असतं!

मी बरी आहे. कंबर अधूनमधून बोलते, पण सीटवर नवी गादी टाकल्यापासून जरा कमी बोलते. कॅबिनला पडदे शिवले, निळे, तुझ्या जुन्या चादरीचे. ती चादर तू फेकायला काढली होतीस आणि मी लपवून आणली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

कालची गंमत सांगते. कॅन्टीनमध्ये एक बाई भेटली, नवऱ्याबरोबर गाडीवर असते. तिने विचारलं, "गाडी तुझी की कंपनीची?" मी म्हटलं, "पुढचा इंजिनाचा घोडा माझा, मागचा टँकर कंपनीचा. दारावरची पाटी कंपनीची. टायर फुटला तर तो माझा. माल कुठला, कधी, कुठे न्यायचा ते कंपनी ठरवणार, आणि पोचला नाही तर जबाबदार मी. करार वर्षाचा, पण ते म्हणतील त्या दिवशी पाटी उतरवायची." ती म्हणाली, "म्हणजे लग्नासारखंच की!" मी इतकी हसले की चहा नाकात गेला.

आमचा फळा आहे तसाच आहे. फळा म्हणजे गाड्या लावणारा गं, मागे सांगितलं होतं. कोणाची गाडी कुठे ते फळ्यावर लिहितो, आणि कोणी पाच मिनिटं उशिरा आलं की अंगठ्याने नाव पुसतो. त्याचा तो अंगठा कायम पांढरा असतो.

भाचीला सांग, तिने विणलेला मफलर रोज वापरते.

भाऊजींबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. दार लावलं का ते तीनतीनदा बघतात, गॅस बंद केला का म्हणून बाहेरून परत येतात, घरच्या किल्ल्या तू आता तुझ्याच पर्समध्ये ठेवतेस. ठीकच आहे. वय झालं की थोडंफार होतं असं. माणूस विसरतोच. डॉक्टरांना दाखवायचं म्हणतेस तर दाखव, दाखवायला काय हरकत आहे.

आणि त्या जुन्या गोष्टीवरून तू अजून त्यांना बोलतेस, ते नको करूस. मी तर केव्हाच मनातून काढून टाकलंय.

माझ्या कंपनीत त्यांच्यासाठी शब्द टाकशील का, असं विचारलंस. बघते. सध्या भरती बंद आहे म्हणतात. दुकानात बसतात ते काय वाईट आहे? बसून काम आहे.

रांग हलली. थांबते.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझी लाडकी
बारकी


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे.

हे वाक्य हाताने सवयीने लिहिलं. खोडत नाही, पण ते खरं नाही.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोनवर मला खोटं छान बोलता येतं, म्हणून. आणि माझा आवाज जरा हलला की तू लगेच म्हणतेस, "बारके, रडू नको गं," मग मी रडते, तू समजूत घालतेस आणि सांगायचं ते राहून जातं. कागदावर माझी समजूत घालायला तू नाहीस. हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून गॅसकडे जाऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. डॉक्टरांनी भाऊजींना घड्याळ काढायला सांगितलं, त्यांनी काढलं, काटेही बरोबर. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर ते डॉक्टरांच्या पुढे निघून गेले. डॉक्टर म्हणाले, मला तर काही दिसत नाही. तेव्हा तू भाऊजींची कारखान्यातली ती जुनी गोष्ट सांगितलीस. "ह्यांनी स्वतःच चुकीचं टोपण उघडलं, आणि किल्ल्या माझ्या बहिणीकडे दिल्या होत्या असं ह्यांना अगदी खरं वाटत होतं." ते ऐकून डॉक्टर गंभीर झाले आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तेवीस तारखेची. भाऊजी नुसतं म्हणाले, "हो, झालं खरं तसं."

आणि मग पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं तू लिहिलं होतंस की परवा तुला बाजारातून यायला उशीर झाला, किल्ल्या तुझ्याकडे, आणि भाऊजी दोन तास घराबाहेर पायरीवर बसून होते. शेजारीण म्हणाली, आमच्याकडे येऊन बसा. तर म्हणाले, "नको, ऊन छान आहे."

ती ओळ वाटेत आठवली आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता त्या दिवसाचं सांगते. तुला कारखान्याची मागची भिंत आठवते का? आपण दोघी एकदा भाऊजींचा डबा द्यायला गेलो होतो. भिंतीतून पाच लोखंडी तोंडं बाहेर आली आहेत, प्रत्येकावर टोपण आणि टोपणाला कुलूप. आत पाच उंच टाक्या. दुसऱ्या तोंडातून मैदा जातो, चौथ्यातून साखर. आम्ही टँकरचा रबरी पाईप त्या तोंडाला जोडतो आणि हवेच्या जोराने माल आत ढकलतो. कुलूप उघडायचं ते फक्त भाऊजींनी. आधी मालाचा नमुना घ्यायचा, लॅबमध्ये दाखवायचा, लॅबने हो म्हटलं की परत येऊन बरोबर नंबरचं टोपण स्वतः उघडायचं, जोडणी डोळ्यांनी बघायची आणि मग सही करायची. एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं.

वर्षभर मी तिथे साखरच नेत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मैदा होता. फळ्याने मला लगेच दुसरी खेप लावून ठेवली होती, आणि तुला त्याचा अंगठा माहीतच आहे. भाऊजींनी नमुना घेतला तशी मी कुरकुर सुरू केली. "भाऊजी, आज पण अर्धा तास थांबायचं? तोवर माझं नाव पुसलं जाईल."

ते हसले. "मालकीणबाईंना घाई आहे." मी गाडी घेतल्यापासून ते मला मालकीणबाई म्हणायचे, तुझ्या लक्षात असेल. मग त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "टोपण काढून पाईप तेवढा जोडून ठेव. हवा मी आल्यावर सोड."

मीच म्हटलं, "चालतं का असं?"

"घरच्या माणसाला कसलं कुलूप?" असं म्हणून ते नमुन्याची बाटली घेऊन आत गेले.

किल्ल्यांना नंबरचे बिल्ले आहेत. मी चार नंबरची किल्ली काढली. खिशातल्या कागदावर मैदा लिहिलेलं होतं, ते मी सकाळी दोनदा वाचलं होतं. पण पाय चौथ्या तोंडापाशी गेले, हात तिथेच गेला. वर्षभर तिथेच जात होता. पाईप जोडला. आणि त्यांची वाट न बघता हवा सोडली.

साखर पाईपमधून जाते तेव्हा तडतडते, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. मैदा गुपचूप जातो. मी दोन-तीन मिनिटं आरसे पुसत होते. मग मनात आलं, पाईप आज बोलत का नाही?

हवा बंद केली. पाईप काढला. चौथ्याचं टोपण लावलं, कुलूप घातलं. भिंतीवर उडालेलं पीठ बाहीने पुसलं. दुसरं टोपण उघडलं, पाईप जोडला, हवा सोडली. हे सगळं करताना माझे हात जरासुद्धा थरथरले नाहीत, ताई. ते मला सगळ्यात जास्त आठवतं.

भाऊजी आले. आधी रागावले. "थांबली नाहीसच ना शेवटी!" मग पाईपकडे बघितलं. "दुसऱ्यालाच लावलायस ना? शाबास." आणि सही केली.

त्या क्षणी सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. चौथी टाकी बंद ठेवली असती, वरवरची साखर काढून टाकली असती, दोघांना बोलणी बसली असती. मी जुडगा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "येते भाऊजी."

तीन दिवसांनी साखरेत मैदा सापडला. तोपर्यंत बिस्किटांच्या किती घाण्यांचं नुकसान झालं होतं कोण जाणे. मला कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. साहेब होते, आमच्या कंपनीचा माणूस होता, त्याच्यासमोर माझा करार उघडा पडला होता. त्यात एक ओळ आहे, एका मालात दुसरा माल मिसळला तर करार त्याच दिवशी संपला. भाऊजी खुर्ची असून उभेच होते. ते म्हणाले, "किल्ल्या मी हिच्याकडे दिल्या होत्या. द्यायला नको होत्या, ती चूक माझी." एवढंच. मी उघडलं असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. त्यांनी ते बघितलं नव्हतं, आणि न बघितलेलं ते बोलत नाहीत.

कंपनीच्या माणसाने मला विचारलं, "किल्ल्या तुमच्या हातात होत्या?"

मी म्हटलं, "नाही. किल्ल्या नेहमी त्यांच्याकडेच असतात."

दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाने पहिलं निघून गेलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी मी शाळेतून खोटं दुखणं सांगून यायचे तेव्हा तू बघायचीस ना, कपाळावर हात ठेवण्याआधी, तसं. मग ते साहेबांना म्हणाले, "मग माझ्याच लक्षात राहिलं नसेल."

तिथून सुरू झालं ताई, त्यांचं विसरणं. त्याआधी ते काही विसरत नव्हते. मला लायसन्सच्या परीक्षेला घेऊन गेले होते तेव्हा वाटेतले सगळे फाटे त्यांना पाठ होते.

मी स्वतःला सांगितलं, ते कायमचे नोकर आहेत, एकोणीस वर्षांचे, त्यांना फार तर ताकीद देतील. माझी तर पाटीच उतरेल. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. मी म्हटलं, आता बोलून काय उपयोग. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात बोलू. अशी आठ महिने मी रोज साडेपाचला उठून गाडी काढते आहे.

पण एवढंच असतं तर मी कदाचित आणखी आठ महिने गप्प बसले असते. जे सांगायला माझी जीभ रेटत नाही ते पुढेच आहे, आणि ते तुझ्यासमोरच घडलं.

तुला राग आला होता. "जिला आपण पोरीसारखं वाढवलं तिच्यावर आळ घेतलात?" असं तू त्यांना म्हणालीस आणि रविवारी दुपारी त्यांना माझ्या खोलीवर घेऊन आलीस. मी कपड्यांच्या घड्या करत होते. ते दारातच उभे राहिले. तू मागून म्हणालीस, "बोला आता." आणि माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा माणूस मला म्हणाला, "तुझं नाव घ्यायला नको होतं मी."

नीट वाच ताई. मी खोटं बोललो, असं ते म्हणाले नाहीत. नाव घ्यायला नको होतं, एवढंच. खोटं न बोलता जेवढी माफी मागता येईल तेवढीच त्यांनी मागितली.

आणि मी म्हणाले, "जाऊ द्या हो भाऊजी. होतं असं माणसाचं."

तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. त्यांना म्हणालीस, "बघा, केवढं मन आहे पोरीचं." मी घडी केलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी केली. ते "हो" म्हणाले.

मागच्या पत्रात मी लिहिलं की माणूस विसरतोच, दाखव डॉक्टरांना. ते वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहिलं. ते पत्र फाडू नकोस. जपून ठेव. पुढे कधी माझी फारच माया आली तर काढून वाच.

हे पत्र पोस्टात टाकण्याआधी मला एक काम उरकायचं होतं. नाहीतर तुला लिहून मी मोकळी झाले असते आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले असते. मला मी आता ओळखते. म्हणून काल सकाळी कारखान्यात गेले आणि साहेबांसमोर सगळं लिहून दिलं, किल्ल्या, चौथं टोपण, बाहीने पुसलेलं पीठ, ऑफिसातलं खोटं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, जागा आता भरली आहे, परत घेण्याचं मी कबूल करू शकत नाही, पण त्यांच्या नावावरचा ठपका काढून तसं पत्र घरी पाठवतो. त्याची प्रत यासोबत आहे, शिक्क्यासह. मोठ्या दवाखान्यात दाखवायची झाली तर हीच दाखव.

तिथून कंपनीत गेले. फळ्याने ऐकून घेतलं आणि अंगठा कपाळाला लावला, कपाळ पांढरं झालं. "वेडी झालीस का गं? ते पीठ केव्हाच उकिरड्यात गेलं. विसरले सगळे!" मी म्हटलं, "हो ना, त्याच्यासाठीच आले." त्याला कळलं नाही. पण नाव पुसताना त्याने अंगठा वापरला नाही, फडकं घेतलं, हळूच पुसलं. वाईट माणूस नाही तो.

पाट्या मीच उतरवल्या, दोन्ही दारांच्या, आठ स्क्रू. घोडा आता आवारात उभा आहे. दुसरी कंपनी घेईल की नाही माहीत नाही. मागची कंपनी का सोडली असं कोणी विचारलं, तर सांगायचं ते सांगेन.

तुझ्याकडे मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, याची मला भीती वाटते. तू मला आईच्या जागी वाढवलंस, तुला सवय आहे. यावेळी देऊ नकोस. माझ्या बाजूने आठ महिने तू त्यांच्याशी भांडलीस. माझ्यामुळे तू तुझ्याच माणसाला वेडं ठरवायला निघालीस. हे ओझं तुझ्या अंगावर मी टाकलं, आणि तू ते माझ्यावर प्रेम करता करता वाहिलंस. रागव माझ्यावर. भरपूर रागव.

दोनच कामं कर. तेवीस तारखेचं रद्द कर. आणि पर्समधल्या किल्ल्या काढून त्यांना दे. काही बोलू नकोस, फक्त दे.

सोबतची घडी त्यांच्यासाठी आहे. तू आधी वाचलीस तरी चालेल.

तुझी
बारकी


भाऊजींना,

नमस्कार.

समोर येऊन सांगायला हवं होतं. तुम्ही दारात उभे राहिलात तसं मला तुमच्या दारात उभं राहायला हवं. येईन. पण तेवीस तारीख जवळ आहे आणि मी वाटेत कुठेतरी पुन्हा गाडी वळवीन, एवढा माझा मला भरवसा नाही. म्हणून आधी कागद.

किल्ल्या तुम्ही माझ्या हातावर ठेवल्या होत्या. डाव्या हातावर, उजव्यात हातमोजा होता. तुम्ही म्हणालात, घरच्या माणसाला कसलं कुलूप. तुमच्याकडे निळ्या झाकणाची बाटली होती. चौथं टोपण मी उघडलं, मीच लावलं. तुम्ही आलात तेव्हा पाईप दुसऱ्याला होता आणि तुम्ही मला शाबास म्हणालात.

दार तीनतीनदा बघू नका. तुम्ही लावलेलं दार लागलेलं असतं.

ताई तुम्हाला विचारेल, का नाही सांगितलंत? तुम्ही काहीतरी माझ्या बाजूने बोलाल, मला माहीत आहे. बोलू नका. एकदा बोललात तेवढं पुरे झालं.

तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय, भाऊजी.

मलाही.

तुमची मेव्हणी